सज्ज्यावरची तालके

तालके हार्म्सला ऑर्गन आवडत नसे. हे गावात तिच्या नवऱ्याखेरीज फक्त मला माहीत होतं.

"मला अ‍ॅकॉर्डियन आवडतो," ती म्हणायची. "ऐकताना पाय हलले पाहिजेत. हे काय, देव रागावल्यासारखं!" आणि असं म्हणता म्हणता ती पाहुण्यांच्या खोलीतल्या उशांना अभ्रे घालत असायची, कारण दुसऱ्या दिवशी क्राकूवहून नाहीतर लिस्बनहून कोणी ना कोणी वादक यायचा असे.

आमची घरं समोरासमोर. मध्ये विटांचा रस्ता, तोही इतका अरुंद की तिच्या किटलीने शिटी घातली की माझ्या स्वयंपाकघरात कळायचं. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा तालके शाळेची बस चालवत होती. अंगाने उंच, हाताचे पंजे पुरुषासारखे, आवाज खणखणीत. पुढे बस सुटली, पण बसवाली सुटली नाही. जवळच्या एमडेन शहरातल्या स्टेशनवरून पाहुण्यांना गाडीत घालून आणताना ती मागे वळून दरडावायची, "पट्टा लावा!" जगभर नाव असलेली माणसं मुकाट्याने पट्टा लावायची.

तिचा नवरा हाब्बो सुतार होता. चर्चचा तीनशे वर्षांचा ऑर्गन नीट करायचं ठरलं, तेव्हा बाहेरून आलेले कारागीर त्याच्याच सुतारखान्यात काम करत. पहिल्या महायुद्धात दर्शनी नळ्या सरकारने वितळवायला नेल्या होत्या, त्यांच्या जागी कुणीतरी जस्ताच्या बसवल्या होत्या. त्या काढून पुन्हा कथलाच्या घातल्या. लाकडी नळ्यांतली कीड काढली, भाते नव्या कातड्याने मढवले. हाब्बोला एक सूर वाजवता येत नव्हता, पण त्या दोन वर्षांत तो त्या ऑर्गनच्या प्रेमात पडला. काम संपलं आणि रविवारच्या प्रार्थनेला नेहमीची गाणी सुरू झाली, तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"एवढा उमदा घोडा," तो म्हणाला, "आणि त्याच्याकडून दुधाची गाडी ओढून घ्यायची?"

त्याने देशोदेशीच्या वादकांना कळवलं. उन्हाळाभर दर रविवारी संध्याकाळी मैफल. भिंतीवरच्या कागदावर 'आंतरराष्ट्रीय' असा शब्द छापला, तेव्हा गाव हसलं होतं. इथे रविवारी बस येत नाही आणि परदेश येणार! पण परदेश आला. क्योटोहून एक चिमुकली बाई आली, तिने तालकेच्या हातचे मुरवलेले हेरिंग मासे तीनदा मागून घेतले. गावात उतरायला जागा नव्हती, म्हणून सगळे हाब्बोच्या घरी उतरत. म्हणजे तालकेच्या घरी. हाब्बो त्यांच्याशी बोलत बसे. चादरी, चहा, औषधं, रुसवे-फुगवे, हरवलेल्या बॅगा हे सगळं तालकेकडे.

शिवाय चर्चच्या उंच सज्ज्यावर, ऑर्गनपाशी करायचं काम. आमचा ऑर्गन जुन्या घडणीचा. आवाज बदलायच्या लाकडी खुंट्या वादकाच्या दोन्ही अंगांना, बसल्या जागेवरून हात पुरणार नाही इतक्या लांब. त्यामुळे वाजवणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस लागतं, वादकाने मान हलवली की खुंटी ओढायला. उजवीकडे हाब्बो उभा राही, डावीकडे तालके.

मग एका फेब्रुवारीत हाब्बो सुतारखान्यातच कोसळला आणि गेला. दफनानंतरच्या चहाला चर्चच्या मंडळाचा प्रमुख ओन्नो तालकेपाशी आला. ओन्नो भला माणूस, खतांचं दुकान चालवतो, सगळ्यांच्या अडीनडीला धावतो. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "तालके, हाब्बोच्या मैफली थांबता कामा नयेत."

तालकेने मान हलवली.

"मी केकचा घास गिळत होते गं," ती मला पुढे कितीदा तरी म्हणाली. "सुका केक, घशात अडकला होता. मान हलवल्याशिवाय उतरेना. त्याने तोच होकार धरला."

त्या होकारावर पुढची कितीतरी वर्षं निघाली. आता सज्ज्यावर ती एकटी. वादकाच्या पाठीमागून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावायची. गुडघा दुखायला लागला, जिना तर शिडीसारखा उभा. ऑक्टोबर उजाडला की तिच्याकडे बघवत नसे. दर हिवाळ्यात ती ओन्नोला सांगे, आता दुसरं कोणी बघा. ओन्नो म्हणे, "तुझ्याइतकं कोणाला जमणार आहे?"

"स्तुती करून करून मारणार आहे हा माणूस मला," ती घरी येऊन बूट काढताना म्हणायची.

एका वसंतात सूर लावणारा माणूस आला होता. तालकेने त्याला सांगितलं, वरच्या बारीक नळ्यांमध्ये धूळ बसलीय, पहिल्यासारखी चमक राहिली नाही आवाजात. त्याने सबंध दिवस घालवला. खाली उतरल्यावर तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सगळं ठीक आहे, हार्म्सबाई."

"ठीक कसलं!" ती माझ्याकडे येऊन तणतणली. "हल्ली कामं नुसती उरकतात."

पण त्या दिवसांत तिची किटली शिट्या घालून घालून थकायची आणि ती उठायची नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, फोनवर असेल. नाहीतर दमून बसली असेल.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इमांत्स आला. इमांत्स रीगाचा ऑर्गनवादक. सीमा खुल्या झाल्या त्या वर्षी तो पहिल्यांदा आला होता, तेव्हा परक्या गावात काय मिळेल न मिळेल म्हणून स्वतःची काळी पावरोटी आणि धुरावलेला मासा कागदात गुंडाळून घेऊन आला होता. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी येतच राहिला. त्याचं जर्मन मोडकंतोडकं, पण तालकेशी त्याचं जमायचं, कारण दोघंही कमी बोलत. या वेळी गाडीतून उतरताना त्याने दाराला धरून थोडा श्वास घेतला. मी तेव्हा तालकेकडेच होते, चहा गाळत होते.

"कसा आहेस?" तालकेने विचारलं.

"म्हातारा."

"ते दिसतंय. बाकी?"

"बाकी काही नाही."

त्याने खडीसाखरेचा खडा कपात टाकला, वर चहा ओतल्यावर तो तडकला, तो आवाज त्याला फार आवडे. मग बोटं उघडमीट करत म्हणाला, "या वर्षानंतर मी रीगाबाहेर जाणार नाही. नवा ऑर्गन, नवा पलंग, नवा जिना. पुरे झालं."

"तुझं बरं आहे," तालके म्हणाली. "तू नाही म्हणालास की लोक हळहळतात. मी नाही म्हणाले की हसतात."

"तू कधी नाही म्हणालीस?"

"दर हिवाळ्यात."

"कोणाला?"

"ओन्नोला."

"एकट्या ओन्नोला सांगून काय होणार? त्याने ऐकलं तर काम त्याच्या गळ्यात पडेल. तो कशाला ऐकेल? सगळ्यांसमोर सांग."

"मला भाषण येत नाही."

"शेवटी आभार मानतेस की दर वेळी."

"ते पाठ आहे. पोपटासारखं."

इमांत्स हसला. तालके हसली नाही. तिने कपात चमचा उभा केला, म्हणजे आमच्याकडच्या रीतीने आता चहा पुरे, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

रविवारी हवा कोंदट होती. दुपारपासून ढग भरून राहिले होते आणि पडत नव्हते. अशा हवेत लाकूड फुगतं आणि जुने ऑर्गन हट्टाला पेटतात. चर्च भरलेलं होतं, एमडेनहून आणि हॉलंडच्या हद्दीपलीकडूनही माणसं आली होती. मी पुढून चौथ्या बाकावर होते. पहिल्या दोन रचना छान झाल्या. तिसरी हळुवार होती. ती संपता संपता इमांत्सने हात उचलले, पण एक सूर थांबला नाही. कुठेतरी झडप अडकली होती. एक बारीक, टोकदार सूर, उंचावरचा, सुईसारखा, तसाच चालू राहिला.

हे याआधीही झालेलं. अशा वेळी हाब्बो बाजूच्या छोट्या दारातून ऑर्गनच्या पोटात शिरायचा, ओरडणारी नळी शोधून उचलून घ्यायचा. नळी काढली की सूर बंद, मैफल पुढे चालू. त्याच्यामागे तालकेही हे करत आली होती. तिने बॅटरी घेतली आणि आत गेली.

आम्ही थांबलो. सूर चालू. आतून फळ्या करकरल्या. बराच वेळ गेला.

"झाला का बंद?" आतून तिचा आवाज आला.

"नाही," इमांत्स म्हणाला.

पुन्हा करकर. "आता?"

"नाही. तुझ्या उजव्या बाजूला. वाजतोय की, तालके."

मग आत काहीच हालचाल ऐकू येईना. माझ्या पुढच्या बाकावरची बाई कानावर हात ठेवून बसली होती. शेवटी ते छोटं दार उघडलं आणि तालके वाकून बाहेर आली. केसांवर धूळ, तोंड लालबुंद. ती बोलली इमांत्सशीच, पण आमच्या चर्चमध्ये सज्ज्यावरची कुजबुजही खाली येते.

"मला तो ऐकू येत नाही."

"काय म्हणालीस?"

"कुठला सूर? मला काही ऐकूच येत नाहीये, इमांत्स. आत सगळं शांत आहे."

तो सूर आमच्या सगळ्यांच्या कानात शिरत होता, आणि त्या सबंध चर्चमध्ये तो न ऐकणारी ती एकटी होती. हातात पेटलेली बॅटरी तशीच, खाली जमिनीकडे रोखलेली.

इमांत्स बाकावरून उतरला. तिच्या हातातून बॅटरी घेतली, पाय सांभाळत, वाकत आत गेला. सूर तुटला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पेन्सिलीएवढी नळी होती. ती त्याने तालकेच्या हातावर ठेवली, जशी कुणाची पडलेली वस्तू उचलून द्यावी तशी. तिने ती कोटाच्या खिशात टाकली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. उरलेल्या सगळ्या रचनांना तिने खुंट्या वेळेवर ओढल्या. एकही चुकली नाही, कारण त्या कानाने ओढायच्या नसतात. वादकाच्या मानेकडे बघून ओढायच्या असतात.

शेवटी ती कठड्यापाशी आली. खाली सगळी तोंडं वर झाली.

"आभार," ती म्हणाली आणि थांबली. पाठ केलेलं तिला आठवेना, असं मला वाटलं. "पुढच्या रविवारी पोर्तोच्या बाई यायच्या आहेत. नंतरचे दोघं आहेत. त्यांचं मी करीन, त्यांना शब्द दिलाय. त्यानंतर नाही. मला नळ्या ऐकू येत नाहीत, हे तुम्ही पाहिलंत. जिना चढवत नाही. पण कान आणि गुडघे धड असते तरीही मी हेच म्हटलं असतं. मी थकले आहे. फार वर्षांपासून थकले आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे कोणी बोलणं संपवलं की टाळ्या वाजवायची पद्धत आहे.

चर्चबाहेर घंटेच्या मनोऱ्याखाली टेबलं मांडली होती. ओन्नो तिच्याकडे लगबगीने आला.

"उकाडा फार होता आज," तो म्हणाला. "तुला त्रास झाला असणार. आणि कानाचं काय घेऊन बसलीस! हल्ली इतकी बारीक यंत्रं मिळतात, लावलेली दिसतसुद्धा नाहीत."

"मी कानांबद्दल बोलत नव्हते, ओन्नो."

"बरं, बरं. हिवाळ्यात बसून बोलू."

"नाही बोलणार."

"अगं पण तालके, हाब्बोच्या..."

"आज माझ्या तोंडात केक नाहीये," ती म्हणाली.

ओन्नोला काही कळलं नाही. त्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी ग्लास गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिने इमांत्सला स्टेशनवर सोडलं. "काय बोललात?" मी विचारलं. म्हणाली, काही नाही. गाडी आली तेव्हा दोघांनीही सवयीने 'पुढच्या वेळी' असं म्हणायला तोंड उघडलं, आणि दोघांनीही मिटलं. मग त्याने स्वतःच पट्टा लावल्याची खूण केली आणि डब्यात चढला.

हिवाळ्यात ओन्नो दोनदा आला, एकदा एकटा, एकदा मंडळातल्या दोघांना घेऊन. तालकेने चहा दिला, बिस्किटं दिली, होकार दिला नाही. मग गावात बोलणी सुरू झाली. समोर कोणी काही म्हणत नसे, पण तिने पावरोटीच्या दुकानात पाऊल टाकलं की आतली कुजबुज थांबायची. एकदा गल्ल्यावरच्या बाईने म्हटलंच, "हाब्बो असता तर असं झालं नसतं."

"हाब्बो असता तर त्यालाही हेच सांगितलं असतं," तालके म्हणाली आणि पाव घेऊन निघाली.

रस्त्यात मात्र ती मला म्हणाली, "खोटं बोलले मी. त्याला नसतं सांगितलं. त्याला नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही. तो इतका खूश असायचा गं. असा खुशीत आलेला माणूस समोर उभा असला की तू काय बोलणार? आणि आता तो नाही, तर भांडणही करता येत नाही त्याच्याशी."

पुढच्या उन्हाळ्यात मैफली झाल्या नाहीत. रविवारी संध्याकाळी चर्चच्या टेकाडाखालच्या मोकळ्या जागेत परगावच्या गाड्या लागायच्या, त्या लागल्या नाहीत. फलकावर फक्त प्रार्थनेच्या वेळा. मला वाटलं होतं, तालके आता कुठेतरी हिंडायला जाईल, बहिणीकडे ब्रेमेनला जाईल, अ‍ॅकॉर्डियनवाल्यांच्या नाचाला तरी जाईल. ती कुठेच गेली नाही. कानाचं यंत्र आणलं, आठवडाभर लावलं आणि खणात टाकलं. "भांडी फार ओरडतात," म्हणाली. उरलेला वेळ परसातल्या बाकावर बसून असायची. काही विणत नाही, वाचत नाही, नुसती बसलेली.

"बरं नाही वाटत का?" मी एकदा विचारलं.

"मला वाटलं होतं थांबले की बरं वाटेल," ती म्हणाली. "थांबल्यावर कळलं, किती थकलेय ते."

त्यानंतरच्या वर्षी पास्टरबाईंनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, मनावर घेतलं. त्यांच्याकडे तीन गावांची चर्चेस, त्यांना स्वतःलाच श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पण त्यांनी बोलून बोलून चार मैफली ठरवल्या. उन्हाळाभर नाहीत, चारच. पाहुणे चार घरांत वाटले. माझ्याकडे प्रागचा एक तरुण वादक आला. तो मासे खात नसे, दिवा लावून झोपे, आणि न्हाणीघरात गाई. तीन दिवसांनी तो गेला, तेव्हा मी खोलीतल्या खुर्चीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाही.

खुंट्या ओढायला एका बाजूला ओन्नो, दुसऱ्या बाजूला मी. पहिल्याच मैफलीत ओन्नोने भलतीच खुंटी ओढली आणि अगदी नाजूक जागी ऑर्गनने असा हंबरडा फोडला की पहिल्या बाकावरच्या आजोबांची टोपी हातातून पडली. ओन्नोच्या कपाळावर घाम. संपल्यावर तो मला हळूच म्हणाला, "आणि ही बाई दोन्हीकडचं एकटी करायची?"

"तिला सांग की," मी म्हटलं.

तो गेला तिच्या घरी. तिने मला पुढे सांगितलं. अर्धा तास हवेबद्दल आणि खतांच्या भावाबद्दल बोलला, आणि जाताना दारात उभं राहून म्हणाला, "तालके, आम्हाला कळायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "हो, पाहिजे होतं." बस एवढंच. पण त्यानंतर तो तिच्याकडे शनिवारी सकाळी गरम पाव पोचवायला लागला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला चौथी, शेवटची मैफल होती. त्या दिवशी माझ्या जागी पास्टरबाईंचा नवरा सज्ज्यावर होता. मी मागच्या बाकावर बसले होते, दाराजवळ. सुरू व्हायच्या जरा आधी तालके आली. चांगला निळा कोट घातलेला. माझ्या शेजारी सरकून बसली आणि मान वर करून सज्ज्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत मैफलीच्या वेळी ती खाली कधी बसलीच नव्हती.

"खालून हे असं दिसतं होय," ती म्हणाली.

"छान दिसतं ना?"

"जिना दिसत नाही. म्हणून छान."

ऑर्गन सुरू झाला. खालचे जाड सूर बाकाच्या लाकडातून पाठीत शिरत होते. तिने तळहात बाकावर टेकवले.

"हे येतायत," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "वरचे नाहीत. अर्धंच ऐकतेय मी. पण मला अर्धं पुरे."

दुसरी रचना संपायच्या आत तिची मान कलली. आधी मला वाटलं डोळे मिटून ऐकतेय. मग तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि श्वास संथ लागला. मी खांदा हलवला नाही. वर ऑर्गन गरजत होता, टाळ्या पडत होत्या, ती उठली नाही. शेवटी ओन्नो सज्ज्यावरून उतरून हातात फुलांचा गुच्छ घेऊन मधल्या वाटेने आला. तिला सगळ्यांसमोर बोलवायचं त्याने ठरवलं होतं, वाटतं. जवळ आला, तिच्याकडे पाहिलं आणि जागीच थांबला.

"उठवू का?" त्याने ओठांनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने गुच्छ हळूच माझ्या मांडीवर ठेवला. लोक आमच्या बाकापाशी आले की पावलं हलकी करून बाहेर जात होते. कोणीतरी दाराखाली लाकडाचा तुकडा सरकवला, आपटू नये म्हणून.

चर्च रिकामं झालं तेव्हा तिने डोळे उघडले.

"संपलं?"

"संपलं."

"कोण होतं?"

"फिनलंडचा."

"कुठे उतरलाय?"

"पास्टरबाईंकडे."

"हं," ती म्हणाली. फुलांकडे बघितलं, पण कुणाची ते विचारलं नाही. गुडघा आखडला होता. मी हात दिला, तो धरून ती उठली आणि आम्ही दोघी उतारावरून सावकाश घरी आलो.